दान आलेल्या तसबिरी अभिलेखागारात कशा जपतात

अभिलेखागाराकडे जुने फोटो दान म्हणून येतात तेव्हा त्यातले पुष्कळसे सुटे नसतात. ते तसबिरींच्या रूपात येतात: पुढे काच, भोवती लाकडी चौकट, मागे पुठ्ठा, वर टांगायची तार. देणाऱ्याला वाटतं, फोटो इतकी वर्षं फ्रेममध्ये होता म्हणजे सुरक्षित होता, आता तो फक्त चांगल्या कपाटात ठेवायचा. अभिलेखागारातला माणूस मात्र तसबीर हातात आली की आधी तिची पाठ पाहतो, आणि बहुतेक वेळा फोटो चौकटीबाहेर काढायचं ठरवतो. हौसेनं, खर्च करून केलेली फ्रेम हे लोक मोडतात कशाला, असा प्रश्न दात्यांना पडतो. तो रास्त आहे, आणि त्याचं सविस्तर उत्तर त्यांना क्वचितच कुणी देतं.

फ्रेम बनवणाऱ्यानं ती फोटो भिंतीवर चांगला दिसावा म्हणून बनवलेली असते. शंभर वर्षं टिकावा हा विचार त्यात सहसा नसतो, आणि आत वापरलेलं सामान अनेकदा फोटोला हळूहळू खात असतं. पण हीच फ्रेम फोटोबद्दल बरंच काही सांगतही असते: तो कुणी काढला, कुठे लावला होता, कुणी कुणाला भेट दिला. फोटो वाचवायचा तर फ्रेम उघडायला हवी, आणि फ्रेम उघडली की त्यातला काही पुरावा कायमचा विस्कटतो. तसबिरी जपण्याचं जवळजवळ सगळं काम या पेचातून वाट काढण्याचं आहे.

काचेमागे काय चाललेलं असतं

तसबीर एक वस्तू दिसली तरी ती थरांची गड्डी असते. पुढून मागे जाऊ लागलो तर काच, बहुधा खिडकी कापलेला पुठ्ठ्याचा माउंट, मग फोटो, फोटोमागे आधाराचा पुठ्ठा किंवा पातळ फळी, तो जागेवर राहावा म्हणून ठोकलेल्या चुका (बारीक खिळे), आणि शेवटी धूळ जाऊ नये म्हणून चिकटवलेला खाकी कागद.

फोटो स्वतःही थरांचाच असतो. साधारण १८९०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत जे कृष्णधवल फोटो छापले गेले त्यातले बहुतेक सिल्व्हर जिलेटिन पद्धतीचे आहेत. कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा मुलामा, त्यावर जिलेटिन आणि जिलेटिनमध्ये अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. आपण जो चेहरा पाहतो तो या चांदीचा बनलेला असतो. जिलेटिन हवेतला ओलावा शोषून फुगतं, मऊ आणि चिकट होतं. हवा कोरडी झाली की आकसतं. चांदीला आम्लं, गंधकाची संयुगं आणि पेरॉक्साइडसारखे पदार्थ सोसत नाहीत. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

माउंट न वापरता फोटो थेट काचेला टेकवला असेल तर दमट हवेत मऊ पडलेलं जिलेटिन काचेला चिकटतं. पुढून पाहिलं तर त्या जागी ओलसर, चकचकीत डाग दिसतो. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत हे जास्त आढळतं, कारण भिंत थंड पडली की आत कोंडलेल्या हवेतला ओलावा दव होऊन आतच जमतो. असा फोटो कुणी ओढून सोडवू गेलं तर चित्र काचेवर राहतं आणि हातात कोरा कागद येतो.

मागून वेगळा हल्ला चालू असतो. स्वस्त पुठ्ठा लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यात लिग्निन असतं, ते हवेनं आणि उजेडानं विघटित होतं आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल शेजारच्या कागदात झिरपतं. माउंटच्या खिडकीच्या कडेनं फोटोवर तपकिरी रेघ उमटलेली दिसते ती याचीच खूण. मागे लाकडी फळ्या असतील तर दोन फळ्यांमधल्या फटीतून धूळ आणि दूषित हवा आत येते आणि त्या फटीची सरळ रेघ फोटोवर उमटते. फळीत गाठ असेल तर तिचाही डाग येतो. मागे जुनं वर्तमानपत्र कोंबलं असेल तर तोही आम्लाचाच साठा. गंजलेल्या चुका, सुटे होत चाललेले लाकडाचे तुकडे आणि खाकी कागदाच्या डिंकावर जगणारी कसर यांची भर वेगळी.

कृष्णधवल फोटोच्या गडद भागात, तिरकं धरलं की, निळसर आरशासारखी झळाळी दिसते, ती पुष्कळांनी पाहिली असेल. चांदीच्या कणांवर हवेतल्या ऑक्सिडीकारक वायूंचा परिणाम होऊन चांदी आयनांच्या रूपात पृष्ठभागाकडे सरकते आणि तिथे पुन्हा धातू बनून बसते. ही झळाळी म्हणजे धूळ किंवा मळ समजून पुसू नये. ती फोटोतलीच चांदी आहे.

फ्रेमनं फोटोचं नुकसान कसं होऊ शकतं याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण फार जुन्या काळातलं नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर दिलेला फोटोपेपर वापरात आला. वरच्या थराला शुभ्रपणा यावा म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळत. उजेड पडला की हे रसायन ऑक्सिडीकारक पदार्थ तयार करू शकतं. सुट्या फोटोतून ते हवेत निघून जातात. काचेमागे बंद केलेल्या फोटोत मात्र ते कोंडून राहिले, आणि त्या काळातल्या अनेक कृष्णधवल फोटोंवर झळाळी आली, नारिंगी-लाल ठिपके उठले, पृष्ठभागाला बारीक भेगा पडल्या. त्याच फोटोची अल्बममध्ये किंवा पाकिटात पडून राहिलेली प्रत चांगली आणि भिंतीवर मानानं लावलेली प्रत बिघडलेली, असंही होतं. पुढे उत्पादकांनी कागदात स्थिरीकारक रसायनं घालायला सुरुवात केली, पण सुरुवातीच्या वर्षांतले फोटो अजून तसबिरींत आहेत आणि दानात येत राहतात.

उजेडाचं गणित वेगळं सांगायला हवं. उजेडानं झालेलं नुकसान साचत जातं. अंधारात विश्रांती दिली म्हणून ते भरून निघत नाही. अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी दिसणारा उजेड आपलं काम करतच राहतो. म्हणून प्रदर्शनात नाजूक फोटोंवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, आणि तोही मोजक्या काळासाठी.

दान स्वीकारताना

तसबीर आत घेण्याआधी कागदपत्रं पूर्ण व्हायला हवीत. दानपत्रात वस्तूंची यादी, मालकी संस्थेकडे जात असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असतात. तसबिरींच्या बाबतीत त्यात आणखी एक कलम असावं असं माझं ठाम मत आहे: फोटो चौकटीतून काढायची परवानगी आहे का, आणि काढल्यावर चौकट ठेवायची, परत करायची की टाकून द्यायची. हे आधी लिहून घेतलं नाही तर काही वर्षांनी दात्याच्या घरचं कुणी तसबीर पाहायला येतं, त्यांच्यासमोर एक पाकीट ठेवलं जातं आणि त्यांचं मन दुखावतं. तो प्रसंग एका ओळीनं टळतो.

हक्कांची गोष्टही इथेच निघते. फोटोची प्रत मालकीची असणं आणि त्या फोटोचा स्वामित्वहक्क असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. स्टुडिओत काढलेल्या फोटोचा हक्क छायाचित्रकाराकडे, त्याच्या वारसांकडे किंवा काही ठिकाणी फोटो काढून घेणाऱ्याकडे असू शकतो, आणि त्याची मुदत देशादेशांत वेगवेगळी आहे. दात्यानं तसबीर दिली म्हणजे ती छापायची परवानगी आपोआप मिळत नाही. म्हणून छायाचित्रकाराबद्दल जे काही माहीत असेल ते त्याच वेळी विचारून टिपून ठेवतात.

आणि नावं. समूहफोटोत डावीकडून तिसरे कोण, खुर्चीवर बसलेल्या बाई कोण, हे सांगू शकणारा माणूस बहुतेक वेळा दान देतानाच समोर असतो, पुन्हा भेटेलच असं नाही. पुठ्ठा बदलता येतो, काच बदलता येते. विसरलेलं नाव कुठल्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. दात्याला बसवून, फोटोची झेरॉक्स किंवा मोबाइलवरचं चित्र समोर ठेवून, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाकून नावं लिहून घ्यावीत. "बहुतेक", "आजी म्हणायची की" असे शब्द दाता वापरत असेल तर ते तसेच लिहावेत. खात्री किती होती हेही पुढच्या अभ्यासकाला कळायला हवं.

सगळं घेतलंच पाहिजे असंही नाही. संग्रहाच्या विषयात न बसणारी किंवा दुसरीकडे चांगल्या प्रती असलेली तसबीर नम्रपणे नाकारणं हे ती घेऊन गोदामात सडू देण्यापेक्षा बरं.

आधी वेगळं ठेवायचं

नव्यानं आलेली तसबीर थेट मुख्य साठवणखोलीत नेत नाहीत. चौकटीच्या खाचेत कसर, वाळवी, लाकूड पोखरणारे भुंगेरे किंवा बुरशी असू शकते, आणि एका तसबिरीतून ती शेकडो फोटोंपर्यंत पोचते. वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून काही आठवडे लक्ष ठेवतात. कागदावर लाकडाचा बारीक भुसा पडला तर आत कुणीतरी जिवंत आहे असं समजायचं. किडीसाठी गोठवण्याचा उपाय ग्रंथालयांत वापरतात, पण काच आणि फोटो असलेली अख्खी तसबीर फ्रीझरमध्ये टाकू नये: लाकूड, काच, कागद आणि जिलेटिन वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. कीटकनाशकाचा फवाराही मारू नये. त्यातली रसायनं फोटोवर बसतात आणि पुढे हाताळणाऱ्याच्या अंगावरही येतात.

बुरशी दिसली तर तसबीर पिशवीत घालून बाजूला करायची, मास्क लावायचा, आणि ती कोरड्या जागी नेऊन बुरशी निष्क्रिय होईपर्यंत थांबायचं. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती फोटोत घुसते आणि हवेतही पसरते.

उघडण्याआधी नोंद

नोंद क्रमांक द्यायचा, पुढून आणि मागून फोटो काढायचे, मापं घ्यायची, अवस्थेचं वर्णन लिहायचं. मागची बाजू पुढच्या बाजूइतक्याच काळजीनं टिपावी. फ्रेम बनवणाऱ्याच्या दुकानाचं लेबल, स्टुडिओचा शिक्का, प्रदर्शनाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, किमतीचा आकडा, कुणाच्या तरी नावानं अर्पणपत्रिका, हे सगळं तिथे असतं. आत कोंबलेल्या वर्तमानपत्राचा फोटोला कितीही त्रास होत असला तरी त्यावरची तारीख फ्रेम त्या दिवसाच्या आधी बंद झाली नसल्याचं सांगते. तो कागद फेकायचा नाही. वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाच्या जोडीनं ठेवायचा.

क्रमांकाची पद्धत साधी ठेवली तर चुका कमी होतात. तसबिरीचा क्रमांक ४२ असेल तर फोटो ४२-अ, चौकट ४२-ब, मागचं लेबल ४२-क. पुढे हे तीन तुकडे तीन वेगळ्या कपाटांत गेले तरी ते एकाच तसबिरीचे होते हे नोंदवहीतून कळलं पाहिजे. एकाच भिंतीवर ठरावीक क्रमानं लावलेल्या तसबिरी एकत्र दानात आल्या असतील तर तो क्रमही लिहून ठेवायचा. कोण मधोमध होतं आणि कोण कोपऱ्यात, यातून संस्थेचा किंवा घराण्याचा इतिहास वाचता येतो.

चौकट उघडणं

टेबल मोकळं आणि स्वच्छ हवं, त्यावर मऊ फोमचा किंवा जाड कापडाचा थर. हातात नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांनी पकड सुटते आणि धाग्यांत सुटलेला पापुद्रा अडकतो. तसबीर काच खाली करून ठेवायची. काच तडकलेली असेल तर उलटण्याआधी तिच्यावर कमी चिकटणाऱ्या टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावून तुकडे धरून ठेवायचे. काचेऐवजी ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, काच असेल तर टेपची गरज नसते, उलट तिच्यावर टेपचा डाग राहू शकतो.

मग खाकी कागद कापून काढायचा, लेबलं असलेला भाग अख्खा राखून. चुका लहान पकडीनं, फोटोपासून दूर, बाहेरच्या दिशेनं ओढायच्या. चुका उपसताना स्क्रूड्रायव्हर सटकून पुठ्ठ्यातून फोटोपर्यंत गेल्यामुळे होणारं नुकसान अगदी सरसकट घडणारं आहे, म्हणून अवजाराखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवतात. एकेक थर उचलायचा आणि प्रत्येक थराचा फोटो काढायचा. इथे घाई करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुठला पुठ्ठा कुठल्या तसबिरीतला हे आठवत नाही.

शेवटचा थर उचलण्यापूर्वी फोटो काचेला चिकटला आहे का ते पाहायचं. चिकटला असेल तर तिथेच थांबायचं. ओढायचं नाही, सुरी घालायची नाही, पाण्यात भिजवायचं नाही, वाफ द्यायची नाही. काचेसकट फोटोचं चांगलं छायाचित्र काढून, काच आणि फोटो एकच वस्तू समजून आधारावर आडवं ठेवायचं आणि संवर्धनतज्ज्ञाला दाखवायचं. हे सगळं इतक्या वेळा सांगायचं कारण, इंटरनेटवर सापडणारे घरगुती उपाय नेमके याच चिकटलेल्या फोटोंवर करून पाहिले जातात, आणि ते फसले की दुरुस्तीला काही उरत नाही.

पुठ्ठ्यावर पक्का चिकटवलेला फोटोही सोडवायचा नाही. विसाव्या शतकात उष्णतेनं वितळणाऱ्या पातळ कागदानं फोटो पुठ्ठ्यावर चिकटवण्याची पद्धत रूढ होती. ती पकड घट्ट असते. स्टुडिओचं नाव छापलेला पुठ्ठा असेल तर तो फोटोचाच भाग आहे. माउंटला मागून लावलेली सेलोटेप असेल तर तीही उपटू नये. जुनी टेप आधी तेलकट होते, मग वाळून तपकिरी पडते, आणि ओढली की कागदाचे तंतू सोबत नेते.

काही तसबिरी तर उघडायच्याच नाहीत. डॅगेरोटाइप ही १८३९ साली जाहीर झालेली पद्धत, तिच्यात चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असतं, वर काच आणि कडेनं कागदी पट्टीनं बंद केलेलं. ते वळवलं की कधी सरळ चित्र दिसतं, कधी उलट्या छटांचं, कधी आरसा. त्या पृष्ठभागावरून मऊ कापड फिरवलं तरी चित्र पुसलं जातं. काचेवरचे ॲम्ब्रोटाइप आणि लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप यांनाही हीच सावधगिरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुगीर काचेच्या लंबगोल चौकटीत लावलेली, रंगखडूनं किंवा कोळशानं रंगवलेली मोठी व्यक्तिचित्रं लोकप्रिय होती. त्यातला फोटोही काचेसारखाच फुगीर वळवलेल्या पुठ्ठ्यावर असतो. तो सपाट करायला दाब दिला की तडकतो. आणि त्याला ॲक्रिलिकची काच चालत नाही, कारण तिच्यावरची स्थिर वीज रंगाची भुकटी खेचून घेते.

चौकटीचं काय करायचं

इथे संस्थेनं धोरण लिहून ठेवावं, कारण दरवेळी नव्यानं वाद घालण्यात शक्ती जाते. छायाचित्रकारानं स्वतः निवडलेली चौकट, स्टुडिओच्या नावाची चौकट, फोटोच्या काळातलीच कोरीव किंवा मुलामा दिलेली चौकट, जिच्यावर काही लिहिलेलं किंवा कोरलेलं आहे ती चौकट: या ठेवायच्या. नंतर कधीतरी बाजारातून आणून लावलेली साधी पट्टी नीट छायाचित्रित करून, दात्याला विचारून, निरोप द्यायला हरकत नाही. जागा हा अभिलेखागाराचा सर्वांत मर्यादित स्रोत आहे. चौकटीसकट फोटोला कपाटात जेवढी जागा लागते तेवढ्यात सुट्या फोटोंची अख्खी पेटी बसते.

राखलेली चौकट फोटोपासून दूर ठेवतात. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. पुढे प्रदर्शनासाठी फोटो त्याच चौकटीत परत बसवायचा झाला तर खाचेच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा थर असलेली पट्टी लावतात, नवा माउंट घालतात, फोटो आणि काच यांत काही मिलिमीटरचं अंतर ठेवतात, आणि काचेपासून पाठीपर्यंतचा गठ्ठा कडेनं टेपनं बंद करूनच चौकटीत बसवतात. फोटोला खळ लावून चिकटवण्याची गरज नसते. चार कोपऱ्यांना कागदी कोन लावले की तो माउंटवर धरला जातो आणि कधीही मोकळा करता येतो.

फोटोचं नवं घर

सुट्या झालेल्या फोटोला प्रत्येकी एक पाकीट किंवा घडी केलेला कागद, त्याखाली आधाराला कडक पुठ्ठा, आणि हे सगळं पेटीत आडवं. "आम्लरहित" एवढ्या शब्दावर विसंबू नये. कागद आम्लरहित असूनही त्यातला डिंक, रंग किंवा गंधक फोटोला बाधू शकतो. याची परीक्षा आहे, तिला फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट म्हणतात, आणि ती आयएसओ १८९१६ या मानकात दिली आहे. संशयित कागद किंवा टेप फोटोसारख्याच संवेदनशील पट्ट्यांना लावून ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात, मग पट्टी फिकी पडली का, डागाळली का ते मोजतात. खरेदी करताना विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हाच: हा माल त्या परीक्षेत उतरला आहे का?

प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं वापरायची तर पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची. पीव्हीसीची कधीच नाही. त्यातून क्लोरीनयुक्त आम्ल आणि मऊपणासाठी घातलेली रसायनं बाहेर येतात. पॉलिएस्टरमधून फोटो न काढता पाहता येतो, हाताचा स्पर्श टळतो. पण खोलीत आर्द्रता आटोक्यात नसेल किंवा फोटोचे पापुद्रे सुटत असतील तर कागदाचं पाकीट बरं. काचेचीच कथा प्लास्टिकशी पुन्हा घडायला नको. नावं आणि क्रमांक पाकिटावर आधी लिहावेत, फोटो मग आत घालावा. फोटोच्या पाठीवर लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, अगदी हलक्या हातानं. बॉलपेननं दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूनं चेहऱ्यावर उठतात.

कपाटं पावडर कोटिंगच्या पोलादाची असावीत. लाकडी कपाटातून आम्लाची वाफ येते, आणि ताज्या ऑइलपेंटमधून पेरॉक्साइड. खोली रंगवली असेल तर फोटो काही आठवडे बाहेरच राहू द्यावेत.

सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवी. ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला मोकळं रान मिळतं. ३० च्या खाली गेली की जिलेटिन आणि कागद वेगवेगळ्या ताणानं आकसून फोटो गुंडाळतो, तडकतो. तापमान १८ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असावं. ज्या संस्थेला एवढी थंडी परवडत नाही तिनं निदान चढउतार कमी ठेवावेत. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, ही सवय वातानुकूलन नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. वरचा मजला छतामुळे तापतो, तळघरात ओल येते आणि पाणी शिरतं. मधल्या मजल्यावरची, बाहेरची भिंत नसलेली, वरून पाण्याचा पाइप न जाणारी खोली निवडावी. आर्द्रता आणि तापमान नोंदवणारं छोटं उपकरण खोलीत ठेवून त्याचे आकडे दर महिन्याला कुणीतरी खरोखर वाचावेत.

रंगीत फोटोंना हे पुरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले नेहमीचे रंगीत फोटो रंगद्रव्यांचे बनलेले आहेत आणि ती रंगद्रव्यं अंधारातही फिकी पडतात, फक्त सावकाश. थंडी हाच त्यावरचा खरा उपाय आहे, म्हणून मोठी अभिलेखागारं ते गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याखाली, बंद पिशव्यांत ठेवतात. बाहेर काढताना पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड फोटोवर दव धरतं.

चौकटीतच ठेवायच्या तसबिरी उभ्या ठेवतात, आडव्या नाहीत. आडवी ठेवली की काचेचा सगळा भार आणि वर रचलेल्यांचं वजन फोटोवर येतं. जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर, उभे कप्पे केलेल्या फडताळात, पुढचं पुढच्याला आणि पाठ पाठीला लावून, मध्ये जाड पुठ्ठा. टांगायच्या तारा आणि हुक आधी काढायचे, कारण शेजारच्या काचेला ओरखडे त्यांच्यामुळेच पडतात. क्रमांकाची चिठ्ठी चौकटीच्या बाहेर लोंबती बांधायची, म्हणजे शोधताना दहा तसबिरी उपसाव्या लागत नाहीत.

डिजिटल प्रत चौकट उघडलेली असतानाच करून घ्यावी, काचेची चमक आड येत नाही तेव्हा. पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची. ती झाली की अभ्यासकांना मूळ फोटो वारंवार काढून द्यावा लागत नाही. मूळ फोटो मात्र ठेवायचाच. कागदाची जात, हातानं लावलेला रंग, कडेचा शिक्का यांचा अभ्यास पडद्यावरच्या चित्रावरून पुरा होत नाही.

पाणी शिरलं तर

पूर, फुटलेला पाइप, गळकं छत. भिजलेल्या तसबिरी लगेच उघडायच्या, कारण काचेमागचा ओला फोटो वाळताना काचेला चिकटतो आणि दोन दिवसांत बुरशी धरू लागते. सुटा झालेला फोटो स्वच्छ थंड पाण्यात हलकेच खंगाळून, चित्राची बाजू वर करून टिपकागदावर, सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर वाळवायचा. ओल्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. फोटो काचेला आधीच चिकटलेला आढळला तर दोन्ही तसेच ठेवून, काच खाली आणि फोटो वर अशा स्थितीत वाळू द्यायचे. एकावर एक भिजलेले खूप फोटो असतील आणि हात कमी पडत असतील तर चौकटीबाहेर काढलेले कागदी फोटो पिशव्यांत भरून गोठवता येतात, म्हणजे सावकाश एकेक हाती घेता येतो. डॅगेरोटाइप, ॲम्ब्रोटाइप आणि टिनटाइप मात्र गोठवायचे नाहीत. ते सर्वांत आधी बाहेर काढून वाळवायचे.